विषय: फायब्रोनेक्टिन कोटेड प्लेटला पेशी चिकटत नाहीत, आणि तुमचा सपोर्ट म्हणतो सीरम घाला

आत्ताच तुमच्या टेक्निकल सपोर्टचा फोन ठेवलाय, राग उतरायच्या आत लिहून टाकते.

तुमच्या ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटवर पेशींनी धरून बसावं म्हणून फायब्रोनेक्टिन या प्रथिनाचा थर दिलेला असतो. तिच्यात सीरमशिवाय (सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) पेशी टाकल्या की तासाभराने बघावं तर सगळ्या गोल, चकचकीत, प्लेटला टिचकी मारली की हलतायत आणि एक वॉश दिला की वेल रिकामी. त्याच फ्लास्कमधल्या पेशी, तोच मीडिया, शेजारच्या साध्या प्लेटवर आम्ही हाताने फायब्रोनेक्टिन लावलं तर मस्त पाय पसरून बसल्या. म्हणजे इंटिग्रिन (पेशीचे धरून बसायचे हातच म्हणा) शाबूत आहेत, त्यांना लागणारं मॅग्नेशियम-कॅल्शियम आहे, पेशी सोडवायच्या ट्रिप्सिनने काही कापलेलं नाही. हे सगळं फोटोसकट तिकिटात टाकलंय, कोणी उघडलंय का देव जाणे.

तर आजचा संवाद ऐका. साहेबांनी आधी विचारलं, पेशी जिवंत आहेत का. हो बाबा आहेत. मग म्हणाले, "मॅडम, दहा टक्के सीरम घाला, चिकटतील." अहो चिकटतीलच ना! सीरममध्ये मुळातच फायब्रोनेक्टिन आणि तसंच पेशी चिकटवणारं व्हिट्रोनेक्टिन असतं, ते प्लास्टिकवर बसतं आणि पेशी त्यालाच धरतात, मग तुमच्या कोटिंगचे पैसे आम्ही कशाला मोजले? यावर बराच वेळ होल्डची ट्यून, आणि परत येऊन काय तर "मग पॉली-लायसिनची प्लेट घ्या, तीही आहे आमच्याकडे." मी म्हटलं, मला आरजीडी पेप्टाइड (फायब्रोनेक्टिनचा जो छोटा तुकडा पेशी धरतात, त्याची नक्कल) घालून अल्फा५-बीटा१ हे फायब्रोनेक्टिन धरणारं इंटिग्रिन अडवायचंय, पॉली-लायसिनवर पेशी नुसत्या चार्जने चिकटतात, तिथे अडवू काय? तर म्हणे, "पण मॅडम, चिकटण्याशी मतलब ना?"

फायब्रोनेक्टिनमधल्या आरजीडीला पेशी धरतात हे १९८४ साली छापून आलंय, तुमच्या सपोर्टपर्यंत पोचायला अजून वेळ आहे वाटतं.

लॉटचं सर्टिफिकेट मागितलं तर भलत्याच लॉटचं आलं. परत मागितलं, परत तेच आलं. आणि तिकीट "सॉल्व्ह्ड" दाखवतंय!!

इतकी वर्षं तुमचाच माल घेतोय म्हणून जास्त लागलं. त्याच लॉटच्या बदली प्लेट पाठवू नका, पैसे परत करा आणि या लॉटचं अ‍ॅडहिजन टेस्टिंग (पेशी चिकटतात का याची चाचणी) केलं होतं का ते लेखी कळवा. नाहीतर परचेस कमिटीला हे पत्र जसंच्या तसं देणार आहे, प्लेट काय आम्ही हातानेच कोट करू, सध्या तसंही तेच चाललंय.