स्कायफोर्सचा इतिहास २००६ पासून?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या क्रीडा पानावर सू फॉल्स स्कायफोर्सवरचा लेख वाचला. अमेरिकेतल्या दुय्यम लीगच्या बास्केटबॉल संघाला मराठीत अर्धे पान दिलेत, आभार. पण लेख सुरूच होतो २००६ पासून; संघाची पहिली सतरा वर्षे कुठे गेली? हा संघ १९८९ सालचा, कॉन्टिनेंटल बास्केटबॉल असोसिएशनमधला, म्हणजे सीबीएमधला. एनबीए या अमेरिकेतल्या मुख्य लीगची दुय्यम डी-लीग, आताची जी लीग, सुरू झाली २००१ मध्ये. स्कायफोर्स तिच्यात गेला २००६ ला. सीबीएतली १९९६ आणि २००५ ची विजेतेपदे गायब, २०१६ चे मात्र ठळक अक्षरात. तेव्हा मायामी हीट या एनबीए संघाचे नाव जोडलेले होते ना!

खरा संताप आला तो शेजारच्या चौकटीचा. सीबीएचा जुना गुणतक्ता छापून खाली टीप: ‘जास्त सामने जिंकलेला संघ खाली, बहुधा मूळ तक्त्यात चूक.’ चूक कसली? सीबीएत प्रत्येक सामन्याला ७ गुण असत. विजयाचे ३ आणि चार क्वार्टर, म्हणजे सामन्याचे चार भाग, त्यातला प्रत्येक जिंकल्याचा १. क्वार्टर बरोबरीत सुटला तर अर्धा-अर्धा. समजा क्वार्टर २५-२३, २८-२७, २४-२३ आणि १८-३१ असे झाले. सामना दुसऱ्या संघाने १०४-९५ असा जिंकला, पण गुण त्याला ४ आणि हरलेल्याला ३. असे चार-पाच निकाल लागले की तक्ता उलटापालटा होणारच. म्हणूनच पंचवीस गुणांनी मागे पडलेला संघही चौथा क्वार्टर सोडून देत नसे. टीप लिहिण्याआधी बेरीज तरी करायची!

सीबीएबद्दलचे ‘२००१ मध्ये लीगची पुनर्रचना झाली’ हे लेखातले वाक्यही फारच सोज्वळ. एनबीएचे माजी खेळाडू आयझेया थॉमस यांनी १९९९ मध्ये एकेका संघाऐवजी आख्खी लीगच विकत घेतली. त्यामुळे वरचा पैसा आटला तेव्हा सगळेच संघ एकदम अडकले आणि फेब्रुवारी २००१ मध्ये ऐन मोसमात सीबीए बंद पडली. पुढे ती नव्याने उभी राहिली, स्कायफोर्सही टिकला.

जाता जाता: सतनाम सिंगला ‘एनबीएत खेळलेला पहिला भारतीय’ म्हणणे आता थांबवा. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, डॅलसने त्याला ५२ वा निवडला; तो खेळला टेक्सस लेजंड्सकडून, डी-लीगमध्ये. एनबीएचा एकही अधिकृत सामना त्याच्या नावावर नाही. हे शुद्धिपत्रात घ्याल का, की तिथेही जागा नाही?

आपला,
एक वाचक