चुकलेली गाठ

प्रिय विनय,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, किरणांनी पेशी मरते म्हणता, मग काही वर्षांनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, उगवतो तो कुठून? "मरणाऱ्या पेशीची भीती नसते रे, जगणारीची असते," एवढं बोलून मी फोन ठेवला. ते अर्धवट उत्तर तेव्हापासून मनाला टोचतंय. आज निवांत लिहायला बसलोय.

कालचीच एक स्लाइड सांगतो. एक्स-रे दिलेल्या रक्ताची. पेशी ऐन विभाजनात कोल्चिसिन नावाच्या औषधाने थोपवलेल्या, गिम्सा रंगाने जांभळ्या झालेल्या. सूक्ष्मदर्शकाच्या तेलाच्या लेन्सखाली एकेक गुणसूत्र मोजत जायचं, 46 भरेपर्यंत. प्रत्येकाला एक बारीक कंबर असते, तिथे सेंट्रोमिअर, पेशी दुभंगताना ओढ बसते ती जागा. एकाला मात्र दोन दिसल्या. दोन गुणसूत्रं तुटली होती आणि त्यांची उघडी टोकं एकमेकांना चिकटली होती. उरलेला बिनकमरेचा तुकडा शेजारीच पडलेला. तो दिसला की शंका उरत नाही.

हे दोन कमरांचं गुणसूत्र फार टिकत नाही. पेशी दुभंगताना दोन्ही बाजूंनी ओढ बसते, मध्ये पूल ताणला जातो, तुटतो, आणि बहुतेकदा ती पेशी संपते. 1 ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) एक्स-रे मिळाले तर एका पेशीत डीएनएचे दोन्ही धागे सुमारे 40 ठिकाणी तुटतात. त्यातले बहुतेक घाव पेशी भरून काढते. राहतो तो चुकून भलतीकडे बसलेला सांधा.

खरी गोष्ट पुढे आहे. कधी दोन गुणसूत्रं आपापले तुकडे अदलाबदल करून बसतात, पण दोघांकडे एकेकच सेंट्रोमिअर राहतं. अशी पेशी बिनबोभाट विभागते. ही चूक साध्या रक्तपेशीत झाली तर त्या पेशीबरोबर जाते. अस्थिमज्जेतल्या मूलपेशीत झाली, तर तिच्यापासून होणाऱ्या रक्तपेशींत ती उतरत राहते.

आणि मूलपेशी बहुतेक काळ निजलेली असते, म्हणजे विभागत नसते. विभागणाऱ्या पेशीकडे डीएनएची दुसरी प्रत तयार असते, ती बघून नेमकी दुरुस्ती करता येते. निजलेलीकडे ती नसते, मग समोर आलेली दोन टोकं सरळ जोडली जातात. उंदरांच्या रक्तमूलपेशींवर 2010 साली प्रसिद्ध झालेल्या कामात हेच दिसलं: निजलेल्या पेशी किरणांतून वाचल्या, पण चुकीच्या गाठी घेऊन. ज्या निद्रेने त्यांना जपलं, तिनेच घातही केला. हे मला अजूनही हेलावतं. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या काही माणसांच्या रक्तात कित्येक दशकांनंतरही एकच अदलाबदल अनेक पेशींत सापडली, सगळ्यांचा उगम एका जखमी पेशीत.

म्हणजे प्रत्येक अदलाबदल आजारच आणते असं नाही हं. वयाबरोबर अशा अदलाबदली सगळ्यांच्याच रक्तात साठत जातात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. धोका तेव्हा, जेव्हा तुटलेलं टोक नको त्या जनुकाला जाऊन भिडतं. 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांत तसं झालं की एका प्रकारच्या ल्युकेमियाची सुरुवात होते.

आता माझ्या आवडीची गोष्ट. 1961 साली टोरंटोत टिल आणि मॅककलक या शास्त्रज्ञांनी प्राणघातक किरण दिलेल्या उंदरांना निरोगी मज्जेच्या पेशी टोचल्या. दहाएक दिवसांत प्लीहेवर लहान लहान गाठी उठल्या. प्रत्येक गाठ एकाच पेशीची संतती आहे, हे सिद्ध कसं करायचं? 1963 साली त्यांचा सहकारी बेकर आणि त्या दोघांनी मज्जापेशींनाच किरण दिले, म्हणजे काहींची गुणसूत्रं ओळखू येतील अशी वेडीवाकडी होतील. अशी खूण ज्या गाठीत सापडली, तिच्यातल्या जवळजवळ सगळ्या विभागणाऱ्या पेशींत तीच खूण होती. मूळ पेशी एकच! म्हणजे मूलपेशीचा पुरावा मिळाला तोही किरणांनी मोडलेल्या गुणसूत्रातूनच.

ती स्लाइड मी जपून ठेवलीय. आलास की आधी तो बिनकमरेचा तुकडा शोधायला लावतो. डोळ्यांना सवय व्हायला तासभर लागेल, घाई करू नकोस.

तुझा,
अनिरुद्ध