मामा, ‘आज नवीन काही नाही’ यासाठी आभार

मामा,

या महिनाअखेरीला तुमची शाळेतली शिपायाची नोकरी संपते. निरोपाला शाल-श्रीफळ होईल, भाषणं होतील आणि तुम्ही नेहमीसारखे खुर्च्या उचलायला मागं निघून जाल. म्हणून हे पत्र आधीच, चारचौघांत.

कोरोनात शाळेला वरून काय आलं? रात्री अकराला आठ पानी परिपत्रक, आणि सकाळी दहाला त्याचा अहवाल. सेल नसलेली ताप मोजायची गन. वर कुणीतरी फाटकात फवारणीचा बोगदा उभारायचा हट्ट धरला. माणसांच्या अंगावर असली औषधं फवारू नका, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं एप्रिल 2020 मध्येच बजावलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, “हे बाकड्याचं पाणी हाय, लेकराच्या डोळ्याचं नाही.”

23 नोव्हेंबर 2020 पासून नववी ते बारावी उघडायची ठरली, तेव्हा आपल्या बीडकडच्या टोळ्या ऊसतोडीला गेलेल्या. लेकरं आजी-आजोबांपाशी, म्हणजे ज्यांना सगळ्यांत जास्त जपायचं त्यांच्याच घरात. आणि शाळेला हवं पालकांचं लेखी संमतीपत्र! ग्रुपवर पीडीएफ टाकली की ‘पालकांना कळवले’ असं कागदावर लिहिता येतं. बटनाच्या मोबाइलवर ती उघडत नाही, हे कागदाला काय माहीत.

तुम्ही अडगळीतला फळा काढून पारावर टेकवला. वर तारीख, खाली तीनच ओळी: उद्या कोणता वर्ग, किती वाजता, सोबत काय आणायचं. जुनं लिहिलेलं ओल्या फडक्यानं पूर्ण पुसायचं, कारण अर्धवट पुसलं की कालची वेळ आजची म्हणून वाचली जाते आणि सम तारखेला बोलावलेली पोरं विषम तारखेला हजर होतात.

पण आभार त्या तीन ओळींचे नाहीत. ज्या दिवशी सांगायला काहीच नसायचं, त्या दिवशीही तुम्ही संध्याकाळी पारावर जाऊन तारीख बदलायचात आणि लिहायचात, ‘आज नवीन काही नाही.’ फळ्यावर परवाची तारीख राहिली की माणूस समजतो, काहीतरी लपवतायत. मग अमक्या गुरुजीला झाला, शाळा सील होणार, असं सुरू होतं. 2021 मध्ये दहावीची परीक्षा आधी पुढं ढकलली, मग रद्द झाली, आणि मार्क कशावर देणार हे ठरेपर्यंत मे संपत आला. तेवढ्या दिवसांत गावात अफवेला जागा उरली नाही ती या चार शब्दांमुळं. कारखान्यावरून मुकादमाचा फोन आला तरी पारावरचं कुणीही तेच वाचून दाखवायचं.

बाकीचं तुमचं काम दिसलंही नाही कुणाला. वस्तीवरून उन्हात चालत आलेल्या पोराचं कपाळ तापलेलं असतं, तेव्हा गन खोटा ताप दाखवते. घामानं ओलं असलं तर खरा तापही दडतो. तुम्ही आधी दहा मिनिटं लिंबाखाली बसवायचात, कपाळ पुसायला लावायचात, मग गन तीन-चार बोटांवर धरायचात. 100.4 च्या वर गेलं तरी ओरडा नाही. थोड्या वेळानं पुन्हा एकदा बघायचं, तेही बाजूला नेऊन, की रांगेतली पोरं बोट दाखवू नयेत. साधा माणुसकीचा शहाणपणा. कोणत्या प्रशिक्षणात शिकवतात तो?

आता एक मागणं. तुमच्या जागी येणाऱ्या पोराला ब्लीचिंग पावडरचं माप दाखवून जा. पावडर 30 टक्के क्लोरीनची असली तर लिटरला 33 ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला साधारण पाव किलो आणि वर 80 ग्रॅम. गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी वापरायचं. बाकावर दहा मिनिटं राहू द्यायचं, मग साध्या पाण्यानं पुसायचं, नाहीतर लोखंडी पाय गंजतात. रोज ताजं करायचं. उघड्या पिशवीतली पावडर उन्हाळ्यात महिनाभरात मरते, नुसता वास उरतो. आणि संडासच्या ॲसिडजवळ ती बादली न्यायची नाही, विषारी वायू होतो.

फळा मात्र पारावरच राहू द्या. खडूचा डबा आम्ही भरून ठेवतो.

तुमचे,
शाळेतले शिक्षक आणि पालक