त्रिशुंड गणपतीच्या डॉक्युमेंटरीसाठी काकांना थँक्यू

काका, नमस्कार.

आमची फिल्म कॉलेजात सबमिट झाली एकदाची. तुम्ही नाव टाकू नका म्हणालात म्हणून टाकत नाही, पण तुम्ही केवढी मदत केलीत ते चारचौघांत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पुण्यावर काही करायचं म्हटलं की सगळे शनिवारवाडा धरतात, आम्ही सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती घेतला. १७५४ ला काम सुरू झालं, १७७० ला पूर्ण, भीमगीरजी गोसावींनी बांधलं, तीन सोंडा, सहा हात, मोरावर बसलेली मूर्ती, एवढी माहिती हाताशी होती. पण दर्शनी भिंतीवरचं कोरीवकाम म्हणजे काळा दगड, त्यात संध्याकाळ झालेली, कॅमेऱ्यात काही उठून दिसेना. तुम्ही दर्शन घेऊन निघाला होतात, जरा वेळ बघत थांबलात आणि म्हणालात, "समोरून नको रे, कडेनं उजेड टाक." मग स्वतःच मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून धरलात, आणि काय सांगू, गेंड्याचं जाडजूड अंग, त्याला जखडलेली साखळी, ती ओढणारे शिपाई, एकेक करत सगळं वर आलं. तो शॉट आमच्या फिल्ममधला सगळ्यात भारी शॉट आहे!

दुसरं म्हणजे, तो गेंडा म्हणजे बंगाल-आसाम आणि शिपाई म्हणजे इंग्रज, असं आम्ही स्क्रिप्टमध्ये लिहायच्या बेतात होतो. तुम्ही म्हणालात जे कोरलंय ते दाखवा, अर्थ लावायचा तर "असं मानतात" म्हणा, कारण कोरणाऱ्यानं काही लिहून ठेवलेलं नाही. मला ते फार पटलं. व्हॉइसओव्हर तसाच ठेवलाय.

गाभाऱ्यातल्या शिलालेखांत संस्कृतसोबत फारसीही आहे, हे तर किती पुणेकरांना माहीत असेल कुणास ठाऊक. आणि तळघर! गुरूंची समाधी तिथे आहे, पाणी असतं, गुरुपौर्णिमेला दर्शनाला उघडतात, हे तुम्ही इतकं रंगवून सांगितलंत की कॅमेरा बंद करून आम्ही सगळे नुसते ऐकत बसलो, नंतर तेच परत रेकॉर्ड करायला लावलं तरी तुम्ही जराही कुरकुर केली नाहीत.

शिवाय बॅटऱ्या संपल्यावर तुमच्या घरचा प्लग, वर काकूंचे पोहे, ते वेगळंच. काकूंनाही थँक्यू सांगा हां.

फिल्म पेन ड्राइव्हवर घेऊन रविवारी सकाळी घरी येतोय, तुमच्या टीव्हीवर लावू. तुमचा चेहरा कुठेही नाही, फक्त आवाज ठेवलाय, तो ऐकून तुम्हाला पटला तरच पुढे दाखवणार. काही खटकलं तर सरळ सांगा, एडिटिंग अजून आमच्याच हातात आहे.

तुमची,
कॅमेरावाली आणि सगळी गँग