बाबा, ही डिग्री खरीच आहे

ती. आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "कामावर राहून मिळते ती डिग्री खरी असते का गं?" तेव्हा माझी कामाची पाळी सुरू व्हायची होती, नीट बोलता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय. खरी असते, बाबा. परीक्षा विद्यापीठ घेतं, पदवीही विद्यापीठच देतं.

आई, तुला वाटतं मी दोन डगरींवर पाय ठेवलाय. पण बाहेरून परीक्षेला बसणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचं दिवसाचं काम एकीकडे आणि रात्रीचं पुस्तक दुसरीकडे. माझ्या अभ्यासक्रमात काम हाच अभ्यासाचा भाग आहे. विद्यापीठ, कंपनी आणि मी असा तिघांचा करार आहे. मशीनवर जे शिकते त्याचेही क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे गुण, मिळतात, आणि अभ्यासासाठी कामाच्या तासांतूनच वेळ द्यायचा असं त्यात लिहिलंय. ही पद्धत काल-परवाची नाही. जर्मनीत स्टुटगार्टला कंपन्यांनी पुढाकार घेऊन 1974 साली असं शिक्षण सुरू केलं. ब्रिटनमध्ये ते 2015 पासून आहे. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा, पण उमेदवारी थेट पदवीतच गुंफायची मार्गदर्शक तत्त्वं विद्यापीठ अनुदान आयोगाने 2020 साली काढली.

आता मला खरं सांगायचंय ते. लेथवरून, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावरून, उतरलेला जॉब (कातलेला तुकडा) आमचे उस्ताद लगेच मापू देत नाहीत. "थंड होऊ दे," एवढंच म्हणतात. कारण वर्गात कळलं. पोलाद तापलं की फुगतं. 50 मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, 20 अंशांनी जास्त गरम असेल तर साधारण एक शतांश मिलिमीटर जाड भरतो, आणि आमच्या ड्रॉइंगवर मापात कमी-जास्त चालणारी सूट कधीकधी तेवढीच असते. म्हणजे गरम असताना माप बरोबर दाखवणारा जॉब थंड झाल्यावर बाद! म्हणूनच लांबीची मापं 20 अंश सेल्सिअसला धरायची, हे जगभरासाठी 1931 साली ठरलं. सकाळी वर्गात हे गणित मांडलं आणि दुपारी तोच शाफ्ट हातात घेऊन, आधी गरम आणि मग थंड, असा दोनदा मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला. आकडा बदललेला मी डोळ्यांनी पाहिला. त्या दुपारी मला तुमची फार आठवण झाली, बाबा.

कारण हे तुम्हाला येतच होतं. जॉब थंड झाल्याशिवाय तुम्हीही मापत नव्हता, आवाजावरून टूल, म्हणजे धातू कापणारं हत्यार, बोथट झाल्याचं ओळखत होता. पण ते ज्ञान कुणी कधी मोजलं नाही. बढती कागद असलेल्याला मिळाली आणि त्याला काम शिकवलंत तुम्ही. त्याचा राग तुम्ही कधी बोलून दाखवला नाहीत, मला मात्र तो आहे. हातातली विद्या ही विद्याच आहे असं मानून तिला गुण देणारी पदवी मला मिळतेय. ती मला कुठल्याही नुसत्या पुस्तकी पदवीपेक्षा मोलाची वाटते.

दमायला होतं, हे लपवत नाही. कॉलेजच्या मुलांसारखी लांब सुट्टी नसते, आणि परीक्षेच्या आठवड्यातही उरलेले दिवस कामावर जावं लागतं. पण विद्यावेतन वेळेवर मिळतं, फीचं ओझं नाही. सगळीकडे असं नसतं. माझ्या वर्गातल्या एकीला तिच्या कारखान्यात नुसतं पॅकिंगला उभं करतात, वर्गाच्या दिवशीही बोलावून घेतात. शिकाऊ म्हणजे स्वस्तातला मजूर असं समजणाऱ्याकडे राहण्यापेक्षा साधं कॉलेज केव्हाही बरं. मामांना हे नक्की सांगा. त्यांच्या धाकट्याला या वाटेने पाठवायचं असेल तर सही करण्याआधी करार स्वतः वाचा. अभ्यासाचे तास लिहिलेत का, शिकवायला नेमका कोण आहे, पदवी कुठलं विद्यापीठ देणार, आणि कंपनीने मध्येच काढलं तर शिक्षण कुठे पूर्ण होणार, हे चारही प्रश्न विचारा. उत्तर लेखी मिळत नसेल तर सही करू नका.

आणखी एक. माझ्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना आता हात लावायची गरज नाही. आई, त्यातून तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन करून घे. "पुढच्या वर्षी बघू" हे आता मी ऐकणार नाही. तारीख ठरली की कळव, मी रजा टाकून येते.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कामावरच्याच एखाद्या अडचणीवर करायचा असतो. टूल झिजल्याचं कंपनावरून आणि आवाजावरून ओळखायचं, हा विषय मी घेतेय. यंत्राला सेन्सर लावता येतील, पण ऐकायचं नेमकं काय, ते तुम्ही सांगा. आवाज आधी चिरका होतो की घरघरतो? बीड (ओतीव लोखंड) कापताना आणि पोलाद कापताना फरक काय? टूल बदलायचं तुम्ही केव्हा ठरवायचात? आठवेल तसं आईला सांगा, ती लिहून घेईल. मार्गदर्शकांना विषय या महिन्याअखेर द्यायचाय, तेव्हा त्याआधी पाठवा.

तुमची लेक