सही घेता, शिकवता कधी? नागरी विमान वाहतूक राज्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा विमानातून उडी मारून आला. इन्स्ट्रक्टरच्या पुढ्यात बांधून मारतात ती टँडेम उडी. घरी आल्यावर त्याने सगळ्यांना व्हिडिओ दाखवला, आजीने डोळे मिटून पाहिला. मी त्याला विचारलं, "उडीआधी काय शिकवलं?" तो म्हणाला, "मामा, दहा मिनिटं सांगितलं काहीतरी. आणि फॉर्मवर सही घेतली." फॉर्म इंग्रजीत होता, बारीक अक्षरात, पानंच्या पानं. त्याने तो वाचला नाही. खरं सांगायचं तर त्याच्या जागी मीही वाचला नसता. आता त्याला पुढचा कोर्स करायचा आहे, एकट्याने उडी मारायला शिकायचं आहे. त्यामुळे हे पत्र.

मी स्वतः कॅलिफोर्नियात नोकरीला असताना हा कोर्स केला. २५ उड्या पुऱ्या केल्या, परीक्षा दिली, तिथल्या संघटनेचं पहिल्या पायरीचं लायसन्स मिळवलं. पहिल्या उडीआधीचा अख्खा दिवस जमिनीवर गेला. छताला टांगलेल्या पट्ट्यांमध्ये आम्हाला लटकवायचे आणि प्रशिक्षक वर फोटो धरायचा: पॅराशूट असं उघडलं तर काय करशील? उत्तर तोंडाने नाही, हाताने द्यायचं. उजव्या बाजूचं हँडल बिघडलेलं मुख्य पॅराशूट सोडून देतं, डाव्या बाजूचं राखीव उघडतं. आधी हँडलकडे बघायचं, मग ते पकडायचं, मग ओढायचं. ही ओळ चाळीसेक वेळा घोकली असेल. आपण स्वतः तालमीत घडलेले आहात, म्हणून तुम्हाला वेगळं सांगायला नको. वस्ताद पोराला डाव शिकवण्याआधी पडायला शिकवतो.

अकराव्या उडीला माझ्या दोऱ्यांना पीळ पडला. वर पाहिलं तर पॅराशूट चौकोनी उघडलेलं, पण दोऱ्या वेणीसारख्या वळलेल्या आणि मी भोवऱ्यासारखा फिरतोय. घड्याळात, म्हणजे मनगटावरच्या उंचीमापकात, चार हजार फूट. विद्यार्थ्याची निर्णयाची उंची अडीच हजार फूट. तोवर सुटलं नाही तर मुख्य पॅराशूट सोडून राखीव ओढायचं आणि हजार फुटांच्या खाली मुख्य पॅराशूट सोडायचं नाही, हे मला पाठ होतं. पाठ होतं म्हणून मी खांद्यांपासून दोऱ्यांपर्यंत जाणाऱ्या पट्ट्या दोन्ही हातांनी फाकवल्या, लाथा झाडल्या, आणि बत्तीसशे फुटांच्या आसपास पीळ सुटला. यात धाडस कसलंच नव्हतं. ते आकडे ठाऊक नसते तर मी त्याच उंचीवर घाबरून हाताला लागेल ते हँडल ओढलं असतं.

साहेब, या खेळात वेळ फुटांत मोजतात. पोटावर आडवा पडणारा माणूस ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने खाली येतो. हजार फूट संपायला साडेपाच सेकंद लागतात. तेरा हजार फुटांवरून निघालेल्या विद्यार्थ्याला पॅराशूट उघडण्याआधी जेमतेम पाऊण मिनिट मिळतं. अडीच हजार फुटांवरही काहीच उघडलेलं नसेल तर जमीन चौदा सेकंदांवर असते. माणूस गोठला तर शेवटचा आधार म्हणून एक छोटं यंत्र राखीव पॅराशूट आपोआप उघडतं. १९९१ साली जर्मनीत बनलेलं सायप्रेस त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. विद्यार्थ्यांसाठीचं सायप्रेस साधारण साडेसातशे फुटांवर काम करतं. पण ते जमिनीवर चालू करावं लागतं, आणि जिथे चालू केलं तीच जमीन ते शून्य धरतं. आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे १,८४० फूट उंच आहे. कोकण किनाऱ्यावरच्या धावपट्टीवरून विमान निघालं, उंचीमापक तिथेच शून्यावर लावला आणि उडी घाटावर मारायची असेल, तर मनगटावर अडीच हजार दिसतील तेव्हा पायाखाली जेमतेम साडेसहाशे फूट उरलेले असतील. यंत्राचा आकडा बदलला नसेल तर तेही उपयोगाचं नाही. आपल्या राज्यात कोकण, घाट आणि देश एकमेकांना चिकटून आहेत. पोराला हे कुणीतरी सांगायला हवं.

देशावरची आणखी एक गोष्ट परदेशी पुस्तकात मिळणार नाही. ऊस. वरून तो गालिच्यासारखा सपाट हिरवा दिसतो आणि नवख्याला उतरायला सर्वांत मऊ जागा तीच वाटते. प्रत्यक्षात शेंडे दहा फुटांवर आणि जमीन त्यांच्याखाली असते, त्यामुळे उतरताना वेग मोडायला पॅराशूटचा ब्रेक कुठे ओढायचा याचा अंदाज चुकतो. शेताच्या कडेला कठडा नसलेली विहीर असते. विहिरीवर पंप असतो, आणि पंपाला वीज नेणाऱ्या तारा उन्हात वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. म्हणून खांबांच्या ओळी शोधायला शिकवायचं. तारा टाळता येणार नाहीत असं दिसलं तर त्यांना समांतर वळायचं, पाय जुळवून ठेवायचे, एका वेळी दोन तारांना शरीर लागू द्यायचं नाही. आणि अडकलाच तर वीज बंद केल्याची खात्री होईपर्यंत खालच्या लोकांना हात लावू द्यायचा नाही. गावकरी मदतीला धावतातच, त्यांची माया खरी असते, आणि नेमकं तेव्हाच घात होतो. मार्च ते मे दुपारच्या वावटळींचं तर काय सांगावं. शेतकरी टोपी धरून बाजूला होतो. दोनशे फुटांवरच्या पॅराशूटला बाजूला होता येत नाही, वावटळीत शिरलं तर ते मिटतं.

वाऱ्याबद्दल एक आठवण. एका शनिवारी तिथे वारा ताशी सोळा मैलांवर गेला. एकट्याने उड्या मारणाऱ्या विद्यार्थ्यांची मर्यादा चौदा मैल. लायसन्सवाले भराभर विमानात चढत होते आणि आम्ही सहा विद्यार्थी दिवसभर बाकावर बसून सँडविच खात होतो. पैसे भरलेले, दोन तास गाडी चालवून आलेलो. मी कुरकुर केली तेव्हा प्रशिक्षकाने वादही घातला नाही, नुसतं वारामापकाकडे बोट दाखवलं. आपल्याकडे पुण्या-मुंबईहून लोक सुट्टी काढून आलेले असताना असं बोट दाखवण्याची ताकद प्रशिक्षकाला कुठून येईल? आकडा कागदावर असेल आणि तो विद्यार्थ्यालाही माहीत असेल तरच.

७ जून २०२२ रोजी आपल्याच मंत्रालयाने राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आणलं. त्यातल्या अकरा क्रीडाप्रकारांत पॅराशूटिंग आहे. वर हवाई क्रीडा महासंघ, त्याखाली प्रत्येक खेळाची राष्ट्रीय संघटना, त्याखाली राज्य-जिल्हा पातळी आणि क्लब, अशी उतरंड आखली आहे. उतरंड चांगलीच आहे. भाच्याच्या हातात मात्र त्यातून खाली एकच गोष्ट आली, ती म्हणजे तो फॉर्म. आपण कोणते हक्क सोडतो आहोत हे त्यात पानोपानी लिहिलं होतं. आपल्याला काय यायला हवं, हे कुठेच नव्हतं.

महाराष्ट्राला या खेळाचं अप्रूप आहे आणि त्याचं मोठं श्रेय शीतल महाजन यांना जातं. २००४ साली त्यांनी उत्तर ध्रुवावर आयुष्यातली पहिलीच उडी मारली, पुढे दक्षिण ध्रुव गाठला, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून मारलेली उडी तर घराघरांत पोचली. मलाही त्यांचा अभिमान आहे. फक्त आपली माध्यमं "सरावाशिवाय पहिली उडी" हेच वाक्य इतकं रंगवून सांगतात की पोरांना वाटतं, छातीत दम असला की झालं. नंतरच्या शेकडो उड्या कुणी सांगत नाही.

आणि अपघात झाला की काय होतं? जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक तरुणी आणि तिचा पायलट दोघेही गेले. खेळ वेगळा, पण नंतरचा क्रम तोच: गुन्हा दाखल, परवान्याची चर्चा, चार दिवसांनी शांतता. दोर तुटला, हार्नेस सुटला की वारा फिरला, हे पुढच्या विद्यार्थ्याला शिकता येईल अशा भाषेत कुणी लिहून ठेवत नाही. अमेरिकेतली पॅराशूट संघटना प्रत्येक मृत्यूची हकिगत नाव वगळून आपल्या मासिकात छापते: किती उड्यांचा अनुभव, कोणत्या उंचीवर काय झालं, काय करायला हवं होतं. आम्ही विद्यार्थी ती पानं आधी वाचायचो. १९७० च्या दशकात तिथे वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक माणसं मरत. २०२३ मध्ये सुमारे साडेछत्तीस लाख उड्यांमागे १० मृत्यू झाले. सामग्री सुधारली हे खरंच, पण आता मरणाऱ्यांपैकी बरेच जण धडधाकट उघडलेल्या पॅराशूटखाली, उतरताना चुकीचं वळण घेऊन मरतात. तिथे यंत्र वाचवत नाही.

तिथलं सगळं गोंडस आहे असंही नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोडाय इथे पहिल्याच टँडेम उडीत अठरा वर्षांचा मुलगा आणि त्याचा इन्स्ट्रक्टर दोघे मेले. इन्स्ट्रक्टरकडे त्या कामाचं रीतसर प्रमाणपत्रच नव्हतं, हे नंतर उघड झालं. तिथे टँडेम इन्स्ट्रक्टरला किमान तीन वर्षांचा अनुभव आणि ५०० उड्या लागतात. नियम होता, पण विमानात चढण्याआधी त्या मुलाला तो कागद मागता येतो हे त्याला कुणी सांगितलं होतं?

म्हणून माझं मागणं तेवढंच आहे. एकट्याने उडी मारू पाहणाऱ्या प्रत्येकाला त्याला कळणाऱ्या भाषेत, आपल्याकडे मराठीत, जमिनीवरचा पूर्ण वर्ग आणि तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा सक्तीची करा, आणि ती नापास झाली तर उडी नाही. राखीव पॅराशूट शेवटचं कधी आणि कुणी घडी केलं याची चिठ्ठी मागण्याचा हक्क त्याच्या फॉर्मच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापा. अमेरिकेत ती घडी १८० दिवसांत नव्याने करावी लागते. आपल्या पावसाळ्याची ओल लक्षात घेऊन मुदत काय असावी हे तज्ज्ञांना ठरवू द्या, पण एक आकडा ठरू द्या. अपघातांच्या हकिगती नाव वगळून जाहीर करायला महासंघाला सांगा. टँडेमवाल्या पाहुण्यांनाही निदान "उतरताना पाय वर" हे त्यांच्या भाषेत जमिनीवरच दोनदा करवून घ्या. पाय खाली राहिले की घोटे मोडतात, आणि हवेत ऐकू येत नाही.

विद्यार्थ्यांसाठी मराठीत चाळीसेक पानांचा एक मसुदा मी लिहून ठेवला आहे. त्यात ऊस, विहीर, तारा आणि वावटळ यांची वेगळी प्रकरणं आहेत. भाचा सध्या स्टुलावर पोटावर झोपून त्यातूनच घोकंपट्टी करतो आणि परवा त्याने दोन्ही हँडलं उलट्या क्रमाने ओढली. मसुदा तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा लागेल. आपल्या पुण्यातल्या कार्यालयात मी तो आणून देतो. वेळ तेवढी कळवावी.

आपला,
कोथरूडमधील एक मतदार