आजीचा हिशेब

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

आजीच्या वर्षश्राद्धाला घरच्यांना वाटायला एक पान छापायचं, असं तू म्हणालीस आणि तिच्या आयुष्याची माहिती मागितलीस. सोबत सुरुवातीच्या चार ओळीही पाठवल्यास : सोशिक, मायाळू, कुटुंबासाठी झिजलेली, कधी कुणाला दुखावलं नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुझा एक कान माझ्याकडे आणि एक कान कुकरकडे असतो, म्हणून कागद घेतला.

पहिली गोष्ट, "कधी कुणाला दुखावलं नाही" ही ओळ काढ. आपल्या चाळीतली जी दोन-चार माणसं अजून हयात आहेत ती हसतील. सकाळी नळावर तिच्या पुढे कुणी कळशी सरकवली तर ती जे बोलायची ते मी तुला लिहून पाठवणार नाही.

तिचा जन्म देवगडजवळचा, साधारण 1938चा. आधार कार्डावर 1 जानेवारी आहे, तशी ती तिच्या वयाच्या अर्ध्या गावाची असेल. तिच्या म्हणण्याप्रमाणे ती आषाढात झाली, घरात पाणी गळत होतं. शाळा दोन यत्ता. लग्न झालं 1956 साली आणि त्याच वर्षी पावसाळा संपून बोटी सुरू झाल्यावर ती मुंबईला आली. देवगडला पडावातून बोटीपर्यंत जायचं, मग रात्रभर डेकवर, आणि सकाळी भाऊचा धक्का. रामदास बोट बुडाल्याला तेव्हा नऊच वर्षं झाली होती आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाला ती आठवण ताजी होती. त्यामुळे ती रात्रभर डोळा न लावता बसून होती. धक्क्यावर आजोबा न्यायला आले ते रात्रपाळी करून, तसेच, केसांत कापूस घेऊन. तिला वाटलं नवरा पिकलेला आहे!

लालबागची ती खोली तू पाहिलेली नाहीस. दहा बाय बारा, एका कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा, बाहेर सार्वजनिक गॅलरी, टोकाला संडास. त्यात आजोबा, आजी, आजोबांचे दोन भाऊ, पुढे तुझी आत्या, मग मी, मग काका. आजोबा कापड गिरणीत, साचाखात्यात. त्यांची पाळी बदलली की घराचं घड्याळ बदलायचं. रात्रपाळी असली की दिवसा ते झोपायचे आणि आम्हाला गॅलरीत हाकललं जायचं. भोंगा झाला की कुणाचं ताट, कुणाचा डबा, कुणाची आंघोळ, हे आजीच्या डोक्यात. नळ पहाटे यायचा आणि तासाभरात जायचा. तेवढ्यात पिंप भरलं नाही तर दिवस गेला.

आता खरी गोष्ट. मी सहा-सात वर्षांचा असताना तिने खाणावळ घातली. पाटी नाही, परवाना नाही. गावाकडची चार-पाच माणसं, बायकापोरं गावी आणि स्वतः एका गाळ्यात पथारी टाकून राहणारी. गिरणगावात अशी घरं गल्लोगल्ली होती. पुढे 1975 साली प्रेमा पुरव यांनी अशाच खाणावळवाल्या बायकांना जमवून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली, ते तू वाचलं असशील. आजी त्यात गेली नाही. "बँक इली की कागद इलो," म्हणायची. तिचा भरवसा भिशीवर.

हिशेब ती दाराच्या मागच्या भिंतीवर ठेवायची, कोळशाने. लिहिता येत नव्हतं, त्यामुळे माणसागणिक एक जागा आणि जेवणागणिक एक रेघ. खाडा पडला की रेघेऐवजी शून्य. एखाद-दुसऱ्या खाड्याचे पैसे वजा होत नसत, कारण तांदूळ धुवून झालेले असायचे. गावाला जायचं तर आधी सांगून जायचं. पगाराच्या दिवशी माणूस दारात उभा राहिला की ती रेघांवरून बोट फिरवायची आणि आकडा सांगायची. मी शाळेत त्रैराशिक शिकत होतो तेव्हा पाटीवर ताळा करून बघायचो. तिचा आकडा कधी चुकलेला सापडला नाही. दिवाळीला भिंतीला चुना लागायचा, म्हणून त्याआधी सगळ्यांनी बाकी चुकती करायची असा शिरस्ता होता.

1972च्या दुष्काळात रेशनवर मिलो आली. अमेरिकेची लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना फाटायची आणि खाताना चिवट. गिरणीत आठ तास साच्यावर उभं राहून आलेल्या माणसापुढे ती ठेवायची म्हणजे भांडणच. आजी त्यात तांदळाचं पीठ मिसळून ती बसवायची, आणि तांदूळ महाग, म्हणून मिसळ किती करायची ते रोज ठरायचं. घासलेटच्या रांगेत मी डबा घेऊन उभा असायचो. त्याच सुमाराला मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे काढले. आजी एका मोर्चाला गेली होती, शेजारणीबरोबर, खरोखरीचं लाटणं घेऊन. संध्याकाळी परत येऊन आधी लाटणं धुतलं आणि दुसऱ्या पाळीचे डबे भरायला बसली. मोर्चात काय झालं विचारलं तर म्हणाली, "उन्हात उभ्या रवलंव. पण बरां वाटलां."

मग 18 जानेवारी 1982. गिरणी संपाचं तुला सांगायला नको, अडीच लाख माणसं बाहेर आली आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, एवढं तर शाळेच्या पुस्तकातही असायला हवं. मी तेव्हा वीस वर्षांचा, कॉलेजात. आजोबा घरी आणि खाणावळीची माणसंही बिनपगारी. आजीने पहिले काही महिने त्यांना जेवू घातलं. रविवारचे मासे बंद झाले, मग आमटी पातळ झाली, मग नुसता भात आणि सुकट. रेघा मात्र चालू. एकेक जण गावाला निघाला. जाताना प्रत्येकाने भिंतीकडे बघितलं, काही बोलला नाही, तीही बोलली नाही.

त्या दिवाळीला चुना लावायला घेतला तेव्हा तिने मला हाक मारली आणि म्हणाली, वही आण. भिंतीवरच्या सगळ्या रेघा मोजून माणसागणिक मला उतरवून घ्यायला लावल्या. आजोबा म्हणाले, कशाला, आता कोण देतोय? तिने लक्ष दिलं नाही. उतरवून झाल्यावर स्वतः चुन्याचा ब्रश फिरवला.

आपण डोंबिवलीला आलो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्यातला एक जण पत्ता शोधत आला. केस पिकलेले, मुलगा नोकरीला लागलेला. त्याने पाकीट पुढे केलं. तुझी आई म्हणाली, "अहो राहू दे, जुनी गोष्ट." आजीने पाकीट घेतलं, समोरच नोटा मोजल्या, मला वही काढायला लावली आणि त्याला विचारलं, "आणि रवलेले?" तो हसायला लागला, आम्हाला मात्र कुठे बघावं ते कळेना. त्याला जेवायला वाढलं, पोटभर, बांगड्याचं तिखलं. गेल्यावर आई म्हणाली, एवढं मोजायला हवं होतं का? आजी म्हणाली, "तो भीक दिऊक इलो नव्हतो. माझे पैशे दिऊक इलो होतो."

म्हणून "झिजलेली" हे मला पटत नाही. ती तिथे मालकीण होती, आणि मालकिणीसारखी वागत होती.

आता तुझ्या क्षेत्रातलं थोडं, चुकलं तर वकीलसाहेबांनी दुरुस्त करावं. तू कॉलेजात असताना तुझ्या पुस्तकातून मीही चाळत बसायचो. जमशेदपूरच्या 1989च्या आगीतल्या मृतांच्या भरपाईचा निकाल 2001 साली सुप्रीम कोर्टाने दिला, त्यात घर सांभाळणाऱ्या बायकांच्या कामाचं मोल धरलं महिना 3,000 रुपये, वय 34 ते 59साठी. आणि 62 ते 72 वयाच्या म्हाताऱ्या बायकांचं वर्षाला 20,000. नेमकं त्या साली आजी त्रेसष्टची होती. तू पहिलीत. तुझी आई सकाळची लोकल पकडायची, मी तिच्या मागोमाग. तुला उठवणं, डबा, शाळेत सोडणं, आणणं, ताप आला तर दवाखाना, पाढे (तोंडी, कारण लिहिलेले तिला दिसून उपयोग नव्हता), संध्याकाळी आम्ही येईपर्यंत स्वयंपाक. वय वाढलं म्हणून दर उतरला, आणि काम तर आपल्या घरी त्याच वर्षांत वाढलं होतं. तुझ्या आईच्या पेन्शनच्या कागदावर एक आकडा आहे. त्यातला किती आजीचा, ते त्या कागदावर कुठेच नाही.

2010मध्ये त्याच कोर्टाने जनगणनेला फटकारलं की गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवता. 2021च्या निकालात पुन्हा सांगितलं की घरकामाचं उत्पन्न धरलंच पाहिजे. सरकारच्याच 2019च्या पाहणीत आहे की घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला 299 मिनिटं जातात, पुरुषाची 97. हे सगळं चांगलंच आहे. पण मला एक गंमत वाटते, ह्या बायकांच्या कामाची किंमत कोर्टात ठरते ती ट्रकने उडवल्यावर. आजी अंथरुणात, म्हातारपणाने, सत्त्याऐंशीव्या वर्षी गेली, त्यामुळे तिची किंमत लावायची कुणाला गरजच पडली नाही.

डोंबिवलीत तिला करमलं नाही, हे पानावर येऊ दे. चोवीस तास नळ होता तरी बादल्या भरून ठेवायची. बंद दारांचा तिला राग. शेजारच्या फ्लॅटची बेल वाजवून "काय रांधलास?" विचारायची, त्या बाईला आधी ते संशयास्पद वाटायचं. पुढे ती बाई बाळंतपणाला माहेरी न जाता इथेच राहिली आणि डिंकाचे लाडू आजीने केले.

एक गोष्ट मात्र तुला लिहितो, पानावर घ्यायची की नाही तू ठरव. आत्याला सातवीनंतर शाळेतून काढलं. आजोबांनी नाही, आजीने. खाणावळ वाढली होती, हाताखाली कुणीतरी हवं होतं, आणि मी मुलगा होतो. आत्या वर्गात माझ्यापेक्षा हुशार होती. तुझी लॉची प्रवेशपरीक्षा होती त्या वर्षी आजीने घरात फर्मान काढलं होतं, "हिका रांधपाच्या खोलयेत कोणी हाक मारूची नाय." आत्या तेव्हा आपल्याकडेच आली होती. भाजी निवडत होती. ती म्हणाली, "आये, माका कित्याक हाक मारलंस मगे?" आजीकडे, जिच्याकडे प्रत्येकाला उत्तर असायचं, ह्याला उत्तर नव्हतं. ती उठून आत्याच्या समोरची परात ओढून भाजी निवडायला लागली. आत्याने परात परत ओढली. त्यावर दोघी पुढे कधी बोलल्या असतील तर मला माहीत नाही.

वही माझ्याकडे आहे, आत्याला एक वर्षापूर्वी दाखवली तर म्हणाली, ह्यातले निम्मे डबे मी भरलेत. खरं आहे ते. तेव्हा पान लिहिण्याआधी तिला फोन कर. दुपारी तीननंतर कर, आधी ती झोपते. तिखल्याला त्रिफळं किती, मिलोत पीठ किती, कोणता माणूस उधारी बुडवून गेला आणि कोण मोरीत लपून रडला, हे सगळं तिला माहीत. मी गॅलरीत अभ्यास करत बसलेला होतो, मला आतलं निम्मंच दिसलं. आणि ती बोलायला लागली की मध्ये कुकरकडे जाऊ नकोस.

आई बरी आहे. गुडघ्याचं चालू आहे. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा,
बाबा